शाळा सुटल्यावरचा दीड तास: सहावी ते आठवीची मुलं टिकवायची कशी

दिवाळीच्या आधी आठ दिवस बेळगावच्या कुठल्याही गल्लीत संध्याकाळी फिरून बघा. वर्गात मागच्या बाकावर मान टाकून बसणारा सातवीतला पोरगा तुम्हाला कोपरापर्यंत चिखलात माखलेला दिसेल. लाल मातीची बुट्टी कोण आणणार, राजगडाचा बालेकिल्ला आधी उठवायचा की पद्मावती माची, संजीवनीची शेपटी किती लांब काढायची, यावर कडाक्याचं भांडण चाललेलं असतं. आई जेवायला तीनदा हाक मारून थकलेली असते. तिथं ना हजेरी, ना सर, ना गृहपाठ. तरी एकही पोरगं गैरहजर नसतं.

मी तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावात बरीच वर्षं शाळा सुटल्यानंतरचा वर्ग चालवतो. पहिली दोन वर्षं सपशेल फसली. जूनमध्ये अंगण भरायचं आणि गणपतीपर्यंत सात-आठ मुलं उरायची, तीही ज्यांना घरी जायचा कंटाळा होता तेवढी. चूक साधी होती: दिवसभराच्या शाळेनंतर मी आणखी एक शाळा भरवत होतो. तिसऱ्या वर्षी आमच्याच गल्लीतल्या किल्ल्याजवळ दोन संध्याकाळ नुसता बसून राहिलो, तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. काम त्यांनी निवडलेलं होतं, सोबत दोस्त होते, हातात खरी वस्तू होती, लक्ष्मीपूजनाच्या आत पुरं करायची तारीख होती आणि बघायला अख्खी गल्ली येणार होती. या पाचांतल्या निदान तीन गोष्टी नसतील, तर अकरा ते चौदा वयाचं मूल तुमच्याकडं महिनाभरही टिकत नाही. पुढचं सगळं याच अनुभवातून आलेलं आहे.

आधी आठवडाभर नुसतं बघा

वर्ग सुरू करायच्या आधी साडेचार ते साडेसातच्या वेळात गावात फिरा आणि वहीत टिपा: कोण कुठं असतं? आमच्याकडं निघालेलं चित्र असं होतं. काही मुलं दप्तर टाकून म्हशीमागं जातात. सहाच्या सुमारास डेअरीला दूध घालायला बरीचशी मुलंच येतात. मुली पाणी भरतात, भांडी घासतात, धाकट्या भावाला काखेत घेऊन फिरतात. दहा-बारा जण ट्यूशनला जातात. उरलेली मैदानावर, नाहीतर कुणाच्यातरी एका मोबाईलभोवती डोकी घालून बसलेली.

मुलांना ‘वर्गाला याल का?’ असं विचारू नका. ‘येतो सर’ म्हणतात आणि येत नाहीत. ‘किती वाजता मोकळा असतोस?’ असं विचारा. एका सहावीतल्या पोरानं मला सांगितलं होतं, “येतो की सर, खरं म्हशीला पाणी कोण दाखवायचं?” हा बहाणा नव्हता, वेळापत्रक होतं. त्याच्या म्हशीनं आमच्या वर्गाची वेळ पंधरा मिनिटं पुढं ढकलली आणि त्याच्यासोबत आणखी पाच जण आले.

मुलींना वेगळं विचारा, आणि शक्यतो बाईनं विचारावं. मुलांच्या देखत त्या ‘आम्हाला चालतंय’ एवढंच म्हणतात.

जागा आणि परवानगी

सरकारी शाळेचा व्हरांडा वापरायचा असेल तर मुख्याध्यापक आणि एसडीएमसी (शाळेची पालक-समिती), दोघांकडं लेखी अर्ज द्या. अर्जात दिवस, वेळ, जबाबदार माणसांची नावं आणि किल्ली कुणाकडं राहील हे स्पष्ट लिहा. अर्ज मराठीत द्या आणि सोबत कन्नड प्रत जोडा, कारण तो पुढं बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात गेला तर तिथं कन्नड प्रत लागतेच. आपल्या जिल्ह्यात बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. निपाणी, हुक्केरी, अथणीकडच्यांचा कागद चिक्कोडीला जातो, आपल्यासारखा बेळगावला नाही.

तरी शाळेच्या इमारतीचा एक तोटा आहे. त्याच बाकावर, त्याच फळ्यासमोर बसलं की मूल आपोआप गप्प होतं. समाज मंदिर, देवळाचा मंडप, तालमीबाहेरचं अंगण यांतलं काही मिळालं तर ते घ्या. ग्रामपंचायतीचं ग्रंथालयही बघा. २०२० पासून ‘ओदुव बेळकु’ (वाचनाचा प्रकाश) मोहिमेत ही ग्रंथालयं मुलांसाठी उघडली आहेत आणि काही ठिकाणचा ग्रंथपाल मनापासून सोबत करतो. जागा कुठलीही असो, दोन गोष्टींवर तडजोड करू नका: मुलींना वापरता येईल असं स्वच्छतागृह आणि चालणारा दिवा.

आणखी एक सांगतो, काहींना आवडणार नाही. वर्गाला कुठल्याच पक्षाचा, संघटनेचा किंवा मंडळाचा फलक लावू नका. आपल्या भागात भाषेचा प्रश्न आहे, निवडणुका आहेत, गावात दोन गट आहेत. एका गटानं सतरंज्या दिल्या की दुसऱ्या गटाची मुलं यायची बंद होतात. आम्हाला एकानं पंखा देऊ केला होता, त्यावर नाव रंगवून. आम्ही हात जोडले. त्या उन्हाळ्यात घाम गाळला, पण मुलं दोन्ही वाड्यांतली येत राहिली.

वेळ: कमी ठेवा

रोजचा वर्ग ठेवू नका. आठवड्यातून दोन संध्याकाळ आणि शनिवारची दुपार, बस्स. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यामुळं दुपारी दोन-अडीच तास निवांत मिळतात आणि मोठं काम त्याच दिवशी होतं. इतर दोन दिवस दीड तास पुरे.

डिसेंबरात सहाच्या सुमाराला अंधारून येतं, म्हणून दिवाळीनंतर वेळ अलीकडं ओढा. खानापूरच्या जंगलाकडच्या, भीमगड अभयारण्याच्या आसपासच्या वाड्यांवर तर उजेड असतानाच मुलं घरी पोचली पाहिजेत. तिथं अस्वलाची भीती गोष्टीतली नाही.

शेतीचं वेळापत्रक कुठल्याही शासकीय दिनदर्शिकेपेक्षा मोठं असतं. जुलैत रोप लावण आणि भांगलण, मग रताळ्याचे वेल, दिवाळीच्या पुढं-मागं रताळी काढणं आणि भाताची सुगी. निपाणीकडं तंबाखू. चिक्कोडी-अथणीकडं नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम, आणि त्यात ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेली मुलं. ही मुलं चार महिनेच राहणार आहेत म्हणून त्यांना बाहेर ठेवू नका. चार महिन्यांत पुरं होईल असं काम त्यांच्यासाठी असू द्या. गावात लक्ष्मी यात्रा असेल त्या वर्षी यात्रेआधीचा महिनाभर काही मोठं मांडूच नका, घरं रंगवण्यात आणि पाहुण्यांत कुणालाच सवड नसते. सुगीत वर्ग आठवड्यातून एक दिवस करा आणि तसं आधीच जाहीर करा. ‘मुलं येईनात’ म्हणून तो बंद पडण्यापेक्षा ते बरं.

आधी पोटात काहीतरी

अक्षर दासोहचं, म्हणजे शाळेतलं सरकारी जेवण दुपारी दीडपर्यंत उरकतं. साडेचारला मूल भुकेलेलं असतं, आणि भुकेल्या मुलाला लक्ष नाही म्हणून बोलणारे मास्तर मी पुष्कळ पाहिले. मीही त्यातलाच होतो. तीस मुलांना मूठ-मूठ भाजलेले शेंगदाणे द्यायचे तर सव्वा किलो लागतात. चुरमुऱ्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून मुलंच कालवतात. रताळ्याच्या दिवसांत कुणाच्यातरी घरची पाटी येते, ती उकडली की काम झालं. बिस्किटाचे पुडे आणू नका. ते संपले की मुलं ‘आज काय आणलंय?’ बघून यायला लागतात. कालवायचं, वाढायचं, झाडायचं काम मुलांकडं, आणि त्यात मुलगे-मुली असा भेद नाही. पहिल्या आठवड्यात पोरं खाली मान घालून झाडतात, तिसऱ्या आठवड्यात त्यावरूनही पैजा लागतात.

पहिले पंधरा दिवस शिकवू नका

हे सगळ्यात अवघड, विशेषतः शिक्षकांना. पहिल्या सहा बैठकांत खेळ, खाणं आणि एक छोटं हातकाम, एवढंच. लगोरी, खो-खो, कबड्डी. खेळताना बघा, कोण भांडण मिटवतो, कोण गुण लिहितो, कोण कडेला उभा आहे. ही माहिती पुढं सोन्यासारखी उपयोगी पडते.

नियम मुलांना करू द्या. आमच्या पोरांनी केलेला पहिला नियम होता: ‘सरांनी ओरडायचं नाही.’ दुसरा: ‘कुणाच्या घरातलं इथं काढायचं नाही.’ दुसरा नियम मला कधीच सुचला नसता. गल्ल्यांच्या आणि भावकीच्या भांडणात मुलं कशी होरपळतात ते त्यांनाच ठाऊक. नियम कागदावर त्यांच्याच अक्षरात लिहून भिंतीवर लावा. शुद्धलेखन दुरुस्त करू नका.

सुरुवातीला दोस्तांना एकत्रच बसू द्या. या वयात मूल वर्गाला येत नाही, दोस्ताबरोबर येतं. गट फोडायचे ते महिन्याभरानं, आणि तेही कामाच्या निमित्तानं.

काम निवडणं

इथं थोडं थांबतो, कारण सगळा वर्ग यावर उभा किंवा आडवा होतो. काम खरं असावं, म्हणजे ते झालं नाही तर कुणाचं तरी अडावं, किंवा झालं तर कुणीतरी बघायला यावं. आमच्याकडं चाललेली तीन कामं सांगतो.

पहिलं पाऊस मोजण्याचं. सरळ बुडाची प्लास्टिकची बाटली वरून कापायची आणि कापलेलं तोंड उलटं करून नरसाळ्यासारखं आत बसवायचं. बाटलीचं बूड खालीवर असतं, म्हणून तळाशी खडे घालून पाणी ओतायचं आणि त्या पातळीला शून्याची खूण करायची. बाजूला पट्टी चिकटवायची, की झालं पर्जन्यमापक. रोज सकाळी ठरलेल्या वेळी वाचायचं आणि समाज मंदिराच्या फळ्यावर लिहायचं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे कळल्यावर एका मुलीनं शाळेचं छप्पर मोजायला काढलं. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद, म्हणजे साठ चौरस मीटर. पन्नास मिलिमीटरच्या दिवशी छपरावरून तीन हजार लिटर वाहून गेलं! गुणाकार येत नाही म्हणून जिला वर्गात उभं केलं जायचं, तिचं हे गणित. पुढं फळ्यावर एक दिवस आकडा नसला तर शेतकरी विचारायला लागले, “आज किती पडला गा?” तेव्हापासून आठवण करून द्यायची गरज उरली नाही.

दुसरं किल्ल्याचं. तो मुलं करणारच आहेत, तर आपण फक्त नकाशा पुरवायचा. राजगडाचा आराखडा कागदावर घ्या, त्यावर एक-एक सेंटिमीटरच्या चौकटी आखा, जमिनीवर सुतळीनं दहा-दहा सेंटिमीटरच्या चौकटी ताणा आणि चौकटीगणिक उतरवा. गुणोत्तर-प्रमाण हा शब्द न उच्चारता ते सगळं शिकून होतं. दसऱ्याच्या सुट्टीत राजहंसगडावर घेऊन जा. येळ्ळूरपर्यंत बस, पुढं चढण. तटाची उंची सावलीवरून मोजायला सांगा: काठी उभी करायची, काठीची सावली आणि तटाची सावली एकाच वेळी मोजायची. उत्तरं दहा आली तरी हरकत नाही, भांडू द्या.

तिसरं शब्दांचं. मराठी माध्यमातल्या मुलाला कन्नडचा धसका असतो, आणि तो परीक्षेपुरता राहत नाही. बँकेत, दवाखान्यात, बसच्या पाटीपुढं तोच धसका उभा राहतो. आम्ही मुलांना घरच्या आजीकडं पाठवलं, दोन्ही भाषांत सारखे वाटणारे शब्द गोळा करायला. तूप आणि तुप्प, अक्का, अण्णा, बुट्टी... वही भरत गेली. आपल्या बोलीत इतकी कन्नड आधीच आहे हे कळलं की जीभ सैल होते. मग शेजारच्या कन्नड शाळेतल्या मुलांना बोलावून कबड्डीचा सामना ठेवला. “ऊटा आयता?” एवढ्यानं सुरुवात झाली आणि पंचाशी वाद घालण्यापुरती कन्नड त्याच दुपारी आली. या कामात मोठ्यांनी भाषेवर भाषण करायचं नाही.

गृहपाठाचं काय, असं पालक विचारतातच. शेवटची वीस मिनिटं गृहपाठाला ठेवा, ज्याला हवं त्यानं करावा, आणि आठवीच्या मुलांनी सहावीच्यांना सांगावं. याहून जास्त वेळ दिलात की त्याची ट्यूशन होते. ट्यूशन गावात आहेच.

किल्ली, गल्ला आणि खोडकर पोरगा

खरी जबाबदारी खऱ्या वस्तूच्या रूपात द्या: किल्ली, हजेरीवही, चेंडू, खाऊचा गल्ला. महिन्याला आळीपाळी. सगळ्यात खोडकर पोराला मॉनिटर करू नका, तो दादागिरी करतो. त्याला हिशेब द्या. आमच्याकडं दोनशे रुपयांचा गल्ला एकाकडं होता, एका महिन्यात चाळीस रुपये कमी भरले. मी काही बोललो नाही, वही सगळ्यांपुढं वाचायला सांगितली. वाचता वाचता तो थांबला आणि म्हणाला, “बॉल फुटलेला, नवीन आणला, लिहायचं राहिलं.” खरंच आणला होता. मी आधी संशय घेतला असता तर तो पोरगा आणि त्याचे चार दोस्त, सगळेच गेले असते.

मुली

सहावीला येणारी मुलगी आठवीत येईनाशी होते, तेव्हा तिला आवड नाही असं समजू नका. तीन प्रश्न विचारा: परत जाताना सोबत कोण? घरातलं तिचं काम कोण करणार? पाळीच्या दिवसांत तिथं सोय आहे का? पहिल्यावर उपाय म्हणजे गल्लीवार गट, एका गल्लीतल्या मुली मिळून निघतात आणि मिळून पोचतात. दुसऱ्यासाठी आईला भेटावं लागतं, बापाला नव्हे. संध्याकाळी चुलीपुढं बसून दहा मिनिटं बोललं की बहुतेक आया ‘दोन दिवस जाऊ दे की’ म्हणतात. धाकट्या भावंडाला घेऊन आली तर येऊ द्या, त्याच्यासाठी कोपऱ्यात खडू आणि पाटी ठेवा. तिसऱ्यासाठी गावातल्या आशाताईंना महिन्यातून एकदा बोलवा आणि त्या वेळी आपण बाहेर जा.

सातवीनंतरची आणखी एक गुंतागुंत. आपल्याकडं बऱ्याच गावांत शाळा सातवीपर्यंतच असते. हायस्कूल दुसऱ्या गावात, कधी माध्यमही बदलतं. जून २०२३ पासून शक्ती योजनेत मुलींना सरकारी बसचं तिकीट पडत नाही, पण बस सुटली की पुढची कधी हा प्रश्न राहतोच. बस साडेपाचला येत असेल तर आठवीच्या मुलांनी सहाला आलेलं चालतं, हे आधीच सांगून टाका. नवीन शाळेत ती सगळ्यात लहान असतात, बिचकलेली असतात. आपल्याकडं मात्र ती मोठी असावीत. धाकट्यांना त्यांना अण्णा-ताई म्हणू द्या, पर्जन्यमापकाची वही त्यांच्या ताब्यात द्या.

गळती, मोबाईल, बक्षिसं

सलग दोनदा मूल आलं नाही तर तिसऱ्या दिवशी दोस्ताला पाठवा. तुम्ही गेलात तर घरी त्याला मार बसतो. परत आलेल्याला ‘कुठं होतास?’ विचारू नका, हातात काम द्या.

मोबाईलवर बंदी घालून काही होत नाही. आमच्याकडं एक मोबाईल ‘कामाचा’ असतो: फोटो काढायला, आजीचं बोलणं टिपायला. त्यावर खेळ नाहीत, आणि तो मोठ्या माणसाचा.

बक्षिसांच्या मी विरोधात आहे. प्रतिभा कारंजीत (शाळांच्या कलागुण स्पर्धांत), क्रीडा स्पर्धांत बक्षिसं असतातच आणि दरवर्षी तीच चार मुलं व्यासपीठावर चढतात. आपल्या वर्गात निकाल नको, पण दाखवायचा दिवस हवा. वर्षातून दोनदा, तारीख आधी जाहीर करून, गावाला बोलवा. प्रत्येक मुलाजवळ स्वतः केलेलं काहीतरी असावं आणि येणाऱ्याला त्यानं ते समजावून सांगावं. सूत्रसंचालन, हारतुरे, दीपप्रज्वलन यांना फाटा द्या. सरपंचांना वाटलंच तर त्यांनी येऊन पाऊस वाचावा.

सुरक्षितता

यात आवडीनिवडीचा प्रश्न नाही. वर्गावर नेहमी दोन मोठी माणसं, त्यात एक बाई. कुणाही मुलासोबत एकटं बंद खोलीत बसायचं नाही, गाडीवरून एकट्याला सोडायला जायचं नाही. कोण आलं, कोण गेलं, कुणाबरोबर गेलं याची नोंद ठेवा. पालकांचे फोन वहीच्या पहिल्या पानावर. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा २०१२ चा आहे आणि लैंगिक गुन्ह्याची माहिती दडवणं हाही त्यात गुन्हा आहे, हे प्रत्येक स्वयंसेवकाला आधी सांगा. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर मुलांनाच त्यांच्या अक्षरात भिंतीवर लिहायला लावा. मुलानं काही सांगितलं तर गावकीत मिटवायच्या भानगडीत पडू नका.

चाललंय का, हे कसं ओळखायचं

गुण बघू नका. चौथ्या महिन्यात कोण येतंय ते बघा. तुम्ही उशिरा पोचलात तर वर्ग सुरू झालेला असतो का? काम मुलांनी बदललं का, की अजून तुम्हीच सुचवताय? जूनमधली कडेला उभी राहणारी मुलं आता कुठं उभी असतात? दर महिन्याला या चार प्रश्नांची उत्तरं एका पानावर लिहा.

एप्रिलमध्ये सुट्टी लागायच्या आधीच्या शेवटच्या शनिवारी आमच्याकडं वह्या सुपूर्द होतात. आठवीवाले पावसाची वही सातवीवाल्यांना देतात, गल्ला सगळ्यांपुढं मोजला जातो, उरलेल्या पैशाचं काय आणायचं यावर तासभर वाद होतो. गेल्या वर्षी नवा चेंडू की नवीन पट्टी, यावर मतदान झालं. चेंडू जिंकला. पट्टी एकीनं घरून आणली आणि बाटलीला चिकटवून टाकली, मेच्या वळवाला तयार.